जर्मन पदकांची पारख

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मन फौजांशी लढल्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. लढाई संपल्यावर शत्रूची एखादी खूण, म्हणजे पट्ट्याचं बक्कल, बिल्ला, पदक, खिशात टाकून घरी आणणं ही सगळ्याच देशांच्या सैनिकांची जुनी सवय आहे. त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेच्या तळाशी काळा जर्मन क्रूस निघाला, तर त्यात नवल वाटायला नको.

असाच क्रूस जुन्या बाजारातही मिळतो आणि इंटरनेटवरही मिळतो. तो बहुधा युद्धानंतर कितीतरी वर्षांनी एखाद्या कारखान्यात तयार झालेला असतो. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून असं पदक हाती आलं की तीन प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमानं विचारायचे. हे आहे काय? हे खरं आहे का? आणि याचं मोल किती? बहुतेक लोक तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात.

पहिला प्रश्न घेऊ. जर्मन पदकांमध्ये सर्वात प्रसिद्ध म्हणजे ‘आयर्न क्रॉस’, लोखंडी क्रूस. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा यानं नेपोलियनविरुद्धच्या युद्धाच्या वेळी, १० मार्च १८१३ रोजी, तो सुरू केला. हा दिवस त्याच्या दिवंगत राणीचा, लुइझेचा जन्मदिवस होता. राजाच्या कल्पनेला आकार दिला तो कार्ल फ्रीडरिख शिंकेल या नामवंत वास्तुविशारदानं. त्या काळी शौर्यपदक म्हणजे सोनं आणि मीनाकाम, असा युरोपातला रिवाज. या राजानं मुद्दाम लोखंड निवडलं. देश हलाखीत होता, बायका आपले सोन्याचे दागिने युद्धासाठी देऊन लोखंडाचे दागिने घालत होत्या. शिवाय हे पदक साध्या शिपायालाही मिळू शकत होतं, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

हा क्रूस पुढे तीन वेळा नव्यानं सुरू झाला. १८७० साली फ्रान्सशी झालेल्या युद्धात, १९१४ साली पहिल्या महायुद्धात आणि १९३९ साली दुसऱ्या महायुद्धात. आता इथं एक गंमत आहे. १९१४ च्या क्रूसवर समोर वर मुकुट, मध्ये विल्हेल्मचं रोमन ‘डब्ल्यू’ आणि खाली १९१४ हे साल असतं. मागच्या बाजूला मात्र मूळ संस्थापक राजाची आद्याक्षरं, ओक वृक्षाची पानं आणि खाली १८१३ हे साल. १९३९ च्या क्रूसवर समोर आकडेदार नाझी चिन्ह आणि १९३९, पण मागे पुन्हा १८१३. त्यामुळे मागची बाजू पाहून ‘आमच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीचं, नेपोलियनच्या वेळचं पदक आहे’ असा समज अनेकांचा होतो. खऱ्या १८१३ च्या क्रूसची दुसरी बाजू अगदी कोरी होती. तेव्हा साल वाचायचं ते समोरच्या बाजूचं.

समोरच्या त्या नाझी चिन्हाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. आपल्याकडे उंबरठ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, पूजेच्या पाटावर स्वस्तिक असतं. त्यामुळे ट्रंकेतलं असं पदक शुभचिन्ह समजून देव्हाऱ्यात ठेवलं गेलं, तर ते अज्ञानातून घडलेलं असेल. पण जर्मनीत या चिन्हाला आकड्यांचा क्रूस म्हणतात, आणि युरोपातल्या लाखो कुटुंबांना ते पाहून काय आठवतं, हे आपण विसरता कामा नये.

लोखंडी क्रूसाच्या मुख्य श्रेणी दोन. दुसऱ्या श्रेणीचा क्रूस फितीला लटकतो, म्हणून त्याला वर कडी असते. पहिल्या श्रेणीचा क्रूस छातीवर थेट लावतात, म्हणून त्याच्या पाठीवर टाचणी असते. फितीवरूनही काळ कळतो. १९१४ ची फीत काळी आणि तिच्यावर पांढरे पट्टे. प्रत्यक्ष लढाईत नसलेल्यांसाठी रंग उलटे, पांढऱ्यावर काळे. १९३९ च्या फितीत मधोमध रुंद लाल पट्टा आला. पण फीत बदलता येते, म्हणून एकट्या फितीवर विसंबू नये.

आणखी काही पदकं वारंवार समोर येतात. १९१८ पर्यंत जर्मन साम्राज्य म्हणजे अनेक राज्यांचा संघ होता. बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग यांची आपापली पदकं होती. हॅम्बर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन व्यापारी शहरांनी तर १९१५ साली एकाच घडणीचे, पण आपापल्या शहराचं चिन्ह असलेले लाल क्रूस काढले. ल्युबेकनं ते सर्वात कमी दिले, म्हणून आज त्याला भाव अधिक.

१९४२ साली एक गोल पदक निघालं. १९४१-४२ च्या रशियातल्या हिवाळ्यात लढलेल्यांना ते मिळालं. फितीत लाल, पांढरा आणि काळा रंग. रक्त, बर्फ आणि मृतांचं सुतक. थंडीनं बोटं गमावलेले जर्मन शिपाई त्याला कडवटपणे ‘गोठलेल्या मांसाचं पदक’ म्हणत. निळ्या-पांढऱ्या मीनाकामाचा एक देखणा लांबट क्रूसही पुष्कळदा ‘लष्करी पदक’ म्हणून विकला जातो. तो लष्करी मुळीच नाही. चार किंवा अधिक मुलं असलेल्या मातांना नाझी राजवटीनं १९३८ पासून दिलेला तो मातृक्रूस. आणि तांबडा पंचकोनी तारा, त्यावर चंद्रकोर असं काही दिसलं, तर ते बहुधा पहिल्या महायुद्धातलं तुर्कस्तानचं पदक. तुर्की सुलतानानं ते जर्मन अधिकाऱ्यांनाही दिलं होतं, म्हणून ते जर्मन पदकांच्या ढिगात सापडतं.

आता दुसरा प्रश्न : खरं की बनावट? इथं सराफाची दृष्टी हवी. खरा लोखंडी क्रूस सहसा तीन तुकड्यांचा असतो. मध्ये काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि त्याला पुढून-मागून धरणारी चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेली दोन पातळ चौकट. या दोन चौकटी कडेनं डाख देऊन जोडतात. भिंगातून कडेकडे पाहिलं की हा बारीक सांधा दिसतो. स्वस्तातली नक्कल एकसंध ओतलेली असते. तिला असा सांधा नसतो. चौकटीवरची मण्यांसारखी बारीक नक्षी खऱ्या पदकात रेखीव असते, नकलेत ती सुजल्यासारखी दिसते. साच्यातून ओतताना राहिलेली बारीक छिद्रंही भिंगाखाली ओळखू येतात.

मग लोहचुंबक लावावा. गाभा लोखंडी असेल तर तो चिकटतो. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नये, कारण चांगल्या नकलेचा गाभाही लोखंडाचाच असतो. चुंबक चिकटला नाही तर शंका घ्यावी. चिकटला म्हणून खात्री धरू नये. मापही घ्यावं. १९१४ चा दुसऱ्या श्रेणीचा क्रूस साधारण ४२ मिलिमीटर रुंद, तर १९३९ चा साधारण ४४ मिलिमीटर.

कडीवर किंवा पाठीवर बनवणाऱ्याचा शिक्का असतो. १९१४ च्या क्रूसवर बहुधा अक्षरं, १९३९ नंतरच्या पदकांवर बहुधा अंक. चांदीसाठी ‘८००’ हा आकडा, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. आता शिक्का असला म्हणजे पदक खरं, असं समजू नका. शिक्का मारणं नकलाकाराला सर्वात सोपं. जाणकार पाहतात ते हे, की ज्या कारखान्याचा शिक्का आहे त्याच्याच ठशातून ही चौकट निघाली आहे का. प्रत्येक कारखान्याच्या ठशात अंकांची वळणं, मण्यांची ठेवण, एखादा बारीक दोष ठरलेला असतो. आपल्याकडे जुन्या नाण्यांचे संग्राहक टांकसाळीच्या ठशांवरून हेच ओळखतात.

धातूवरूनही काळाचा अंदाज येतो. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात, त्याचा इथं संबंध नाही. पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला चांगल्या धातूंची टंचाई पडली हे खरं. सुरुवातीचे बिल्ले पितळेसारख्या मिश्रधातूचे आणि जाडजूड, तर नंतरचे जस्ताचे. जस्तावरचा मुलामा उडून ते राखाडी पडतात, त्यांच्यावर फोड येतात. सोन्यासारखा चकाकणारा, तरी १९४४ चा म्हणून दाखवलेला बिल्ला पाहिला की म्हणूनच सावध व्हायचं.

फीत तपासायला नोटा तपासतात तो अतिनील दिवा पुरतो. नव्या कृत्रिम धाग्यांतलं उजळपणा देणारं रसायन त्याखाली निळसर पांढरं चमकतं. जुनी सुती किंवा रेशमी फीत चमकत नाही. मात्र घरच्या कोणी ती फीत हल्लीच्या साबणाच्या पावडरीत धुतली असेल, तर खरी फीतही चमकेल.

आणखी एक प्रकार आहे, जो ना धड खरा ना धड खोटा. १९५७ साली पश्चिम जर्मनीनं कायदा करून दुसऱ्या महायुद्धातली पदकं परिधान करायला परवानगी दिली, पण नाझी चिन्ह काढून. त्यामुळे लोखंडी क्रूसावर मध्ये पुन्हा ओकची पानं आली. हे क्रूस कायदेशीर आहेत, काही तर युद्धकाळातल्याच कारखान्यांनी बनवले आहेत, पण ते युद्धकाळातले नाहीत. १९३९ हे साल आणि मध्ये ओकची पानं दिसली, तर ते पदक १९५७ नंतरचं.

नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीत असताना १९४२ साली ‘आझाद हिंद’ नावाची पदकं सुरू झाली. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत अशी त्यांची नावं. ती व्हिएन्नात बनली, हिंदी सैनिकांना मिळाली, काही जर्मनांनाही मिळाली. युद्धानंतर त्यांच्या नकला पुष्कळ निघाल्या. नेताजींचं नाव ऐकलं की आपला हात खिशाकडे लवकर जातो, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. अशा वेळी भिंग आधी काढावं आणि पाकीट नंतर.

आता तिसरा प्रश्न, मोलाचा. प्रसिद्ध आहे म्हणजे दुर्मीळ आहे, असं नाही. पहिल्या महायुद्धात दुसऱ्या श्रेणीचे लोखंडी क्रूस सुमारे ५० लाख दिले गेले. आज युरोपात असा साधा, खरा क्रूस शंभर युरोंच्या आत-बाहेर मिळतो. पहिल्या श्रेणीचे त्या युद्धात दोन लाखांच्या वर दिले गेले, म्हणून ते महाग. दुसऱ्या महायुद्धात गळ्यात घालायचा ‘नाइट्स क्रॉस’ आला. तो सुमारे ७,३०० जणांनाच मिळाला. त्याची किंमत हजारो युरोंत जाते, आणि म्हणूनच सर्वात कसबी नकला त्याच्याच निघतात. पदक जेवढं महाग, तेवढी त्यामागची कारागिरी संशयानं पाहावी.

पण किंमत ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि मला आज मुख्यतः तीच सांगायची आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. हिंदी शिपायांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवरही नावं आहेत. आपल्याकडच्या एखाद्या घरातलं असं पदक हातात घेऊन कड फिरवली, की खापरपणजोबांचं नाव वाचता येतं. सामान्य जर्मन लोखंडी क्रूसावर नाव नसतं. तो कोणाचा, कुठल्या लढाईतला, हे तो स्वतः सांगू शकत नाही. ते सांगतो त्याच्याबरोबरचा कागद : पदक दिल्याचं प्रमाणपत्र, शिपायाचं पगार पुस्तक, सैन्यातल्या नोंदींची वही. म्हणून कागदांसह असलेलं साधं पदक कागदाविना असलेल्या त्याच पदकापेक्षा कितीतरी मोलाचं ठरतं. आणि म्हणूनच ‘हे अमुक जनरलचं’, ‘हे स्टालिनग्राडहून आणलेलं’ अशा गोष्टी तोंडी सांगून पैसे मागणारे विक्रेते असतात. तोंडी गोष्टीला पैसे मोजायचे नाहीत. कागद पाहायचा, आणि कागदही बनावट असू शकतो हे लक्षात ठेवायचं.

कागदानं काय फरक पडतो, याचं एक उदाहरण देतो. जुलै १९३४ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी पहिल्या महायुद्धात भाग घेतलेल्यांसाठी एक स्मृतिक्रूस सुरू केला. आघाडीवर लढलेल्यांसाठी तलवारींसह, इतरांसाठी तलवारींविना, आणि युद्धात मेलेल्यांच्या विधवा व आईवडिलांसाठी काळ्या रंगात. अर्ज करायचा आणि क्रूस मिळायचा. असे ८० लाखांहून अधिक क्रूस वाटले गेले. आज ते दहा-वीस युरोंना मिळतात. संग्राहक त्यांच्याकडे वळूनही पाहत नाहीत.

पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूनं सुमारे १ लाख ज्यू लढले होते. त्यांतले सुमारे १२ हजार मेले. वाचलेल्यांनीही हा क्रूस मिळवण्यासाठी अर्ज केले आणि त्यांना तो मिळाला. ऑगस्ट १९३४ मध्ये हिंडेनबुर्ग वारल्यावर हे प्रमाणपत्र ‘फ्युरर आणि राइश चान्सलर’च्या नावानं, म्हणजे हिटलरच्या नावानं दिलं जाऊ लागलं. म्हणजे एखाद्या ज्यू दुकानदाराला १९३५ साली हिटलरच्या नावानं त्याच्या देशसेवेबद्दल सन्मानपत्र येई, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात न्युरेंबर्गचे कायदे होऊन तोच माणूस त्या देशाचा नागरिक उरत नसे. पुष्कळांना वाटलं होतं की आघाडीवर सांडलेलं रक्त आणि छातीवरचा क्रूस आपल्याला वाचवील. १९४२ साली वान्सीच्या बैठकीत ठरलं ते एवढंच, की गंभीर जखमी झालेल्या आणि पहिल्या श्रेणीचा लोखंडी क्रूस मिळवलेल्या ज्यूंना टेरेझिएनश्टाटच्या छावणीत पाठवावं. तिथून पुढे अनेकांची रवानगी ऑशविट्झला झाली.

खुद्द हिटलरला ऑगस्ट १९१८ मध्ये पहिल्या श्रेणीचा लोखंडी क्रूस मिळाला. त्याची शिफारस करणारा अधिकारी ह्यूगो गुटमान हा ज्यू होता. पुढे त्याला जर्मनी सोडून अमेरिकेत आसरा घ्यावा लागला.

आता विचार करा. बाजारात दहा-वीस युरोंचा तो स्मृतिक्रूस, पण बरोबर त्या ज्यू सैनिकाचं नाव असलेलं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र. एखाद्या वस्तुसंग्रहालयाला तो नाइट्स क्रॉसपेक्षाही मोलाचा वाटेल. आणि हेच दोन्ही वेगळे करून विकले, तर हाती राहतो एक स्वस्त धातूचा तुकडा आणि एक अनोळखी कागद. बाजारात हे रोज घडतं. एका माणसाची चार पदकं एकाच पट्टीवर शिवलेली असतात, ती सुटी करून विकली की विक्रेत्याला पैसे कधी थोडे जास्त मिळतात. तो माणूस मात्र कायमचा पुसला जातो.

कायद्याबद्दलही सांगायला हवं. जर्मनीत नाझी चिन्हं सार्वजनिकरीत्या मिरवणं हा फौजदारी गुन्हा आहे. इतिहास, शिक्षण, कला यांसाठी सवलत आहे. म्हणून तिथले व्यापारी छापील यादीत ते चिन्ह झाकतात. २००१ साली याहू आणि ईबे या कंपन्यांनी आपल्या लिलावांतून नाझी वस्तू बंद केल्या. याहूविरुद्ध त्याआधी फ्रान्सच्या न्यायालयात खटला झाला होता. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१४ च्या क्रूसाला आता शंभर वर्षं उलटून गेली आहेत. तेव्हा परदेशातल्या गिऱ्हाइकाला तो पोस्टानं पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारलेलं बरं.

शेवटी, घरात असं काही सापडलं तर काय करावं? पहिलं म्हणजे चिंच, राख, ब्रासो यांपैकी काहीही लावू नका. चांदीवरचा काळेपणा आणि काळ्या रंगावरची झीज हाच त्याच्या वयाचा पुरावा, तो घासला की अर्धी किंमत गेली. फीत धुऊ नका. पदकं पट्टीवरून सोडवू नका. बरोबरचा कागद, पाकीट, खोकं, अगदी जुन्या वर्तमानपत्राचा गुंडाळलेला तुकडासुद्धा टाकू नका. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कोरड्या कागदात ठेवा, म्हणजे गंज धरणार नाही. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. घाईनं विकू नका.

आणि एक गोष्ट त्याच दिवशी करा. आजोबा कुठल्या पलटणीत होते, कुठं लढले, हे पदक त्यांनी कुठून आणलं असं सांगत, हे घरात ज्यांना आठवत असेल त्यांना विचारून तारखेसह लिहून काढा आणि तो कागद पदकाबरोबर ठेवा. काही आठवत नसेल, तर तसंही लिहा. अंदाजानं गोष्ट रचू नका. त्या जर्मन शिपायाचं नाव आता कोणाला कळणार नाही. पण ते पदक ज्यानं इटलीहून सातारपर्यंत आणलं, त्याचं नाव अजून तुमच्या घरातल्या कोणाला तरी ठाऊक आहे.